पडद्यावरचे शंभूराजे

१४ फेब्रुवारी २०२५ रोजी ‘छावा’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि त्या आठवड्यात आमच्या शहरातील चित्रगृहांना एखाद्या गडावरील उत्सवाचे रूप आले. भगवे फेटे बांधलेले तरुण, नऊवारी नेसलेल्या आजीबाई, कपाळावर चंद्रकोर रेखलेली शाळकरी मुले असा तो प्रेक्षकवर्ग होता. एरवी सहकुटुंब चित्रपटाला जाणे ज्यांनी केव्हाच सोडून दिले आहे, अशी आमच्या परिचयातील कितीतरी मंडळी तिकिटांच्या रांगेत दिसली. शेवटचा अर्धा तास प्रेक्षागृहात हुंदक्यांखेरीज आवाज नव्हता. दिवे लागल्यावर मागच्या रांगेतून कोणीतरी जयघोष केला आणि सारे प्रेक्षागृह उभे राहिले. आमचेही डोळे ओले होते, हे लपविण्याचे कारण नाही. ज्या नगराने तीन शतकांहून अधिक काळ औरंगजेबाचे नाव वागविले आणि ज्याच्या ‘छत्रपती संभाजीनगर’ या नावाला २४ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्र सरकारची मान्यता मिळाली, त्या नगरात बसून हा चित्रपट पाहणे ही केवळ करमणूक असूच शकत नाही.

बाहेर पडताना शेजारच्या एका गृहस्थांनी विचारले, ‘‘कसा वाटला?’’ आम्ही म्हणालो, ‘‘पाहण्यासारखा आहे. शंभूराजांच्या भूमिकेत मात्र काहीतरी राहून गेले.’’ गृहस्थ क्षणभर थबकले. त्यांच्या मुद्रेवर जो भाव उमटला, तो आम्ही अद्याप विसरलेलो नाही. आपल्या राजाचा चित्रपट आहे, आपल्या माणसांनी तो डोक्यावर घेतला आहे, आणि हा मनुष्य अभिनयाचे गुणदोष काढीत बसला आहे, असा तो भाव होता. विषय आपला असला की परीक्षण नको, ही वृत्ती आपल्या घराघरांत मुरली आहे. प्रस्तुत लेखाचे कारण तीच वृत्ती आहे.

प्रथम चित्रपटाचे जे श्रेय आहे ते मोकळ्या मनाने दिले पाहिजे. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर हे मराठी गृहस्थ. शिवाजी सावंत यांच्या १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचा आधार घेऊन त्यांनी शंभूचरित्र अखिल भारतीय प्रेक्षकांपुढे नेले. देशातील कमाई ६०० कोटी रुपयांच्या घरात गेली, हा आकडा बाजाराचा म्हणून सोडून देऊ. परंतु ज्या प्रांतांतील लोकांना संभाजी महाराज हे नावही धड ठाऊक नव्हते, तेथे ते पोहोचले ही लहान गोष्ट नाही. विकी कौशल या नटाने घेतलेले कष्टही पडद्यावर दिसतात. घोडदौड, ढाल-तलवार, कमावलेले शरीर यांत कोठे कुचराई नाही. अखेरच्या छळाच्या दृश्यांत तर त्याने स्वतःला झोकून दिले आहे. कवी कलशाच्या भूमिकेत विनीतकुमार सिंह त्याच्या जोडीला उभा राहतो, तेव्हा साखळदंडांत जखडलेले ते दोन मित्र कवितेतून एकमेकांशी बोलतात. चित्रपटातील सर्वांत उत्तम भाग आमच्या मते तोच होय.

पण त्याच्या आधी काय? त्याच्या आधी दोन तास राजा गर्जना करतो. सिंहाच्या जबड्यात हात घालताना गर्जना, बुऱ्हाणपुरावर तुटून पडताना गर्जना, दरबारात गर्जना, रणांगणात तर विचारायलाच नको. बालपणी हरपलेल्या मातेच्या स्मृतीने व्याकुळ झालेला शंभूराजा मध्येच क्षणभर दिसतो. त्या क्षणी विकी कौशलच्या डोळ्यांत जे येते, त्यावरून या नटापाशी देण्यासारखे आणखी पुष्कळ होते हे कळते. ते त्याच्याकडून कोणी मागितलेच नाही.

उलट औरंगजेब पाहा. अक्षय खन्नाला या चित्रपटात संवाद बेताचेच आहेत. रंगभूषेच्या जाड थराखाली चेहरा जवळजवळ नाहीसा झाला आहे. राहिले आहेत ते दोन थकलेले, थंड डोळे आणि खालच्या पट्टीतला आवाज. तेवढ्या भांडवलावर त्याने वार्धक्य, संशय, एकटेपण आणि क्रौर्य असे सारे उभे केले. तो पडद्यावर येतो तेव्हा प्रेक्षक पुढे सरकून पाहू लागतो. ही गोष्ट मान्य करताना आमची जीभ अडखळते, तरी ती खरी आहे. आपल्या राजाच्या चित्रपटात अधिक खोल भूमिका त्याच्या वैऱ्याच्या वाट्याला आली.

असे का व्हावे? उतेकरांना किंवा विकी कौशलला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. आमच्या मते दोषाचा मोठा वाटा प्रेक्षागृहात बसलेल्यांचा, म्हणजे आपला आहे. जानेवारी २०२५ मध्ये या चित्रपटाची झलक प्रसिद्ध झाली. तीत शंभूराजे लेझीम खेळताना दिसले आणि एकच गहजब उडाला. अखेर ते दृश्य कापावे लागले. लेझीम हा आपल्या मातीतला खेळ. गणेशोत्सवात, शाळांच्या मैदानांवर आपली मुले तो खेळतात. त्या दृश्यातील नाच हिंदी चित्रपटाच्या वळणाचा होता, ठेका सवंग होता असा आक्षेप असता तर तो समजण्याजोगा होता. पण राजाने आनंदाने पाऊल उचलूच नये, असे ज्या समाजाला वाटते त्याच्या राजाने पडद्यावर करायचे तरी काय? हसलेला चालत नाही, चुकलेला चालत नाही, गोंधळलेला तर मुळीच चालत नाही. मग लेखक आणि नट यांच्या हाती एक गर्जनाच उरते. औरंगजेब कसा बसावा, कसा उठावा, कशाने खचावा याविषयी कोणाचीच हरकत नसते. त्यामुळे त्या भूमिकेतला नट मोकळा असतो, आणि मोकळा नट चांगला अभिनय करतो.

या हळवेपणाला कारण आहे, हेही तितकेच खरे. शंभूराजांच्या वाट्याला जी बदनामी आली, ती क्वचितच दुसऱ्या कोणा मराठी राज्यकर्त्याच्या वाट्याला आली असेल. मल्हार रामराव चिटणीस यांची बखर घडलेल्या घटनांनंतर शतकाहून अधिक काळाने लिहिली गेली, आणि लिहिणाऱ्याच्या पूर्वजाला, बाळाजी आवजींना, याच राजाने देहान्त शासन दिले होते. तिच्यातला व्यसनी, लहरी संभाजी पुढे इंग्रज इतिहासकारांनी उचलला, त्यांच्याकडून नाटककारांनी घेतला. राम गणेश गडकरी यांचे ‘राजसंन्यास’ अपुरेच राहिले; १९१९ साली त्यांचे निधन झाले. पण त्या अपुऱ्या नाटकातील संभाजीच रसिकांच्या मनात ठसला. फार काय, भालजी पेंढारकरांच्या शिवभक्तीविषयी कोणी शंका घेणार नाही. १९४८ साली ज्यांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला आणि जे त्या राखेतून पुन्हा उभे राहिले, ते हे भालजी. त्यांनीही १९४१ साली ‘थोरातांची कमळा’ काढला. म्हणजे दंतकथेतल्या कमळेची गोष्ट आपल्याच माणसाने पडद्यावर आणली. हेतू वाईट नव्हता. त्या काळी उपलब्ध असलेला संभाजीच तसा होता.

तो बदलला दफ्तरांतून. वा. सी. बेंद्रे यांनी आयुष्याची कित्येक वर्षे कागदपत्रांत घालविली आणि १९६० साली त्यांचा ‘छत्रपती संभाजी महाराज’ हा चरित्रग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे डॉ. कमल गोखले यांनी ‘शिवपुत्र संभाजी’ लिहिले. आपल्या मराठवाड्याचे सुपुत्र सेतुमाधवराव पगडी यांनी मोगल दरबाराची बातमीपत्रे मराठीत आणली आणि शत्रूच्या छावणीतून मराठ्यांकडे कसे पाहिले जात होते ते दाखविले. या संशोधकांना कोणी फेटे बांधले नाहीत. पण आज पडद्यावर जो शंभूराजा उभा आहे, तो त्यांच्या खांद्यांवर उभा आहे.

बेंद्रे यांचा ग्रंथ आला आणि दोनच वर्षांनी, १९६२ साली, वसंत कानेटकरांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ रंगभूमीवर आले. शिवछत्रपतींच्या अखेरच्या काळातील पिता-पुत्रांमधला ताण हा त्याचा विषय. मास्टर दत्ताराम शिवाजी महाराज झाले आणि डॉ. काशिनाथ घाणेकर या तरुण दंतवैद्याने संभाजी उभा केला. आमच्या वडिलांच्या पिढीने तो प्रयोग पाहिला होता. आमच्या घरी घाणेकरांचा विषय निघाला की वडील बोलत तो त्यांच्या आवाजाविषयी नव्हे. पित्यासमोर उभा असताना त्या संभाजीला काय बोलावे ते सुचत नसे, त्या क्षणाविषयी. पराक्रमी, मानी, दुखावलेला मुलगा. वडिलांवर रागावलेला आणि वडिलांवाचून जगू न शकणारा. हा संभाजी प्रत्येक घरात होता, म्हणून प्रत्येक घराने तो आपला मानला. १९६८ साली त्याच लेखकाच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’मध्ये घाणेकर पुन्हा शंभूराजे झाले आणि समोर प्रभाकर पणशीकरांचा औरंगजेब होता. तेथे दोन्ही पारडी सारखी होती, असे ज्यांनी ते नाटक पाहिले ते सांगतात. जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा अर्धपुतळा उखडून नदीत टाकला गेला, तेव्हा आम्हांला कानेटकरांची आठवण झाली होती. ‘राजसंन्यास’ला उत्तर ५५ वर्षांपूर्वीच देऊन झाले होते, आणि ते नाटकाला नाटकाने दिलेले उत्तर होते.

घाणेकर डॉक्टर होते, तसे अमोल कोल्हेही डॉक्टर. योगायोगाची ही गंमत बाजूला ठेवू. कोल्हे यांचे राजकारण आणि आमचे विचार यांत अंतर आहे, हे वाचक जाणतात. २०१९ साली ते ज्या पक्षातून शिरूरचे खासदार झाले, त्या पक्षावर या पानांतून टीका होणे नवे नाही. तरीही २४ सप्टेंबर २०१७ ते २९ फेब्रुवारी २०२० या काळात झी मराठीवर चाललेल्या ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ या मालिकेने मराठी घरांत जे काम केले, ते नाकारणे म्हणजे कृतघ्नपणा ठरेल. मालिकेचे सारे दोष तिच्यात होते. एकाच संवादावर तीन-तीन चेहऱ्यांचे दर्शन, प्रत्येक वळणावर ढोल-ताशे, उद्यावर ढकललेला प्रसंग. कोल्हे यांनाही व्याख्यानाचा मोह आवरत नसे. समोर एकच मनुष्य असला तरी ते सभेला उद्देशून बोलत.

पण मालिकेपाशी चित्रपटापाशी नसलेली एक वस्तू होती, ती म्हणजे वेळ. शंभूराजे कारभाऱ्यांच्या तक्रारी ऐकताहेत, हिशेब पाहताहेत, सोयराबाईंच्या महालातून परतताना जिन्यावर थांबले आहेत, असे प्रसंग तिच्यात मावत. शंतनु मोघे यांचे शिवाजी महाराज आणि कोल्हे यांचे शंभूराजे एकत्र येत तेव्हा कोल्हे यांचा आवाज आपोआप खाली येई, आणि नेमके तेव्हाच ते उत्तम नट वाटत. येसूबाईंच्या भूमिकेतील प्राजक्ता गायकवाड हिनेही कुलीन संयमाने ती भूमिका पेलली. पाहणाऱ्यांना राज्य कसे चालते याची थोडी कल्पना आली. घरातल्या मुलांनी विचारलेले प्रश्नही त्यामुळे वेगळे होते. रामशेज एवढा काळ कसा लढला, जंजिरा का पडला नाही, गोव्यात फिरंग्यांशी काय झाले? ‘छावा’ पाहून परतल्यावर मुलांनी आम्हांला विचारले ते केवळ छळाविषयी.

मराठी चित्रपटही मागे नाही. दिग्पाल लांजेकर यांनी ‘फर्जंद’पासून सुरू केलेल्या चित्रमालिकेत ‘शिवरायांचा छावा’ १६ फेब्रुवारी २०२४ रोजी आला. भूषण पाटील त्यात शंभूराजे झाले. हिंदीच्या तुलनेत खर्च तुटपुंजा, लढाया आटोपशीर. पण बोली आपली, देहबोली आपली. ‘सरसेनापती हंबीरराव’मध्ये गश्मीर महाजनीने पिता-पुत्रांच्या दोन्ही भूमिका केल्या, तो प्रयोग पूर्ण जमला नाही तरी धाडसाचा होता. लांजेकरांच्या चित्रपटांतून शिवछत्रपती साकारणारा चिन्मय मांडलेकर हा या साऱ्यांत आम्हांला विशेष भावलेला नट. मोजके बोलणारा, नजरेने आज्ञा देणारा राजा त्याने उभा केला. एप्रिल २०२४ मध्ये या नटाने यापुढे महाराजांची भूमिका करणार नाही असे जाहीर केले. त्याच्या मुलाच्या नावावरून समाजमाध्यमांवर त्याच्या कुटुंबाला शिवीगाळ झाली होती. शिवीगाळ करणाऱ्यांत आपल्यातले कोणी नव्हते, असे छातीठोकपणे म्हणता येईल का? एका चांगल्या नटाला शिवछत्रपतींच्या भूमिकेतून कोणा परकीयाने नव्हे, स्वतःला शिवभक्त म्हणविणाऱ्यांनी घालविले. यात झालेली हानी महाराजांच्या नावाला लागते, हे त्यांच्या लक्षात आले नाही.

पुन्हा ‘छावा’कडे येऊ, कारण त्यानंतर आमच्या जिल्ह्यात जे घडले ते या विषयाबाहेरचे नाही. चित्रपट शंभूराजांचा आला आणि मार्च महिनाभर चर्चा झाली ती औरंगजेबाची. खुलताबादच्या कबरीभोवती बंदोबस्त वाढला, पत्रे उभे राहिले, कॅमेरे आले. १७ मार्च २०२५ रोजी नागपुरात दंगल उसळली. महिनाअखेरीस संघाचे ज्येष्ठ कार्यकर्ते भैयाजी जोशी यांनी हा विषय अनावश्यकपणे काढला गेल्याचे स्पष्टपणे सांगितले, तेव्हा आम्हांला हायसे वाटले. तिकडे मध्य प्रदेशात असीरगडाच्या परिसरात लोक रात्री विजेऱ्या घेऊन शेते खणीत होते. बुऱ्हाणपूरच्या लुटीचे दृश्य पाहून तेथे मोगलांचे सोने पुरलेले असावे, अशी त्यांची समजूत झाली होती. हसू येते. पण चित्रपट पाहून आपण जे उकरीत होतो, ते तरी फार वेगळे होते काय?

उकरण्यासारखे दुसरे पुष्कळ आहे. ३१ वर्षांच्या आयुष्यातील अखेरचे ४० दिवस सर्वांना मुखोद्गत आहेत. ज्याने संस्कृतात ‘बुधभूषण’ रचला, ब्रज भाषेत ‘नखशिख’ आणि ‘नायिकाभेद’ लिहिले, बाकरे शास्त्रींना संस्कृत दानपत्र दिले, तो कवी पडद्यावर केव्हा येणार? आमच्याच घरच्या कपाटात ‘छावा’ कादंबरीच्या दोन प्रती निघाल्या, ‘बुधभूषण’ची एकही नाही, लाज वाटून ती मागविली. डिसेंबर १६७८ मध्ये दिलेरखानाकडे गेलेला आणि वर्षभरात परतलेला एकवीस-बावीस वर्षांचा युवराज, आणि जानेवारी १६८० मध्ये पन्हाळगडावर झालेली पिता-पुत्रांची भेट. तीन महिन्यांतच पित्याचे निधन झाले. पुन्हा भेट नाही. नटाला याहून मोठे आव्हान कोणते? ‘छावा’ने तो भाग टाळला. भीती कोणाची होती, हे सांगायला नको.

आणि येसूबाई. ‘छावा’त रश्मिका मंदानाने ती भूमिका केली. उच्चारांची अडचण तिला जाणवत होती आणि आपल्यालाही, पण तो दोष तिचा एकटीचा नव्हे. पटकथेने तिच्या हाती निरांजन देऊन तिला वाट पाहत उभे केले. प्रत्यक्षात पतीच्या वधाची वार्ता आल्यानंतर रायगडावर जी मसलत झाली, तिच्यात या बाईने राज्याचा वारसा आपल्या लहान मुलासाठी अडवून धरला नाही. राजाराम महाराजांनी गडाबाहेर पडावे, दूर जाऊन लढावे, आपण मुलासह गडावर थांबतो, हा तिचा निर्णय. १६८९ सालच्या नोव्हेंबरात रायगड पडला. पुत्र शाहू १७०७ साली सुटला. ती स्वतः परतली १७१९ साली, सुमारे ३० वर्षे मोगलांच्या कैदेत काढून. त्या मसलतीच्या रात्री तिचा आवाज चढला असेल, असे आम्हांला वाटत नाही. ती भूमिका कोण अभिनेत्री करते, याची आम्ही वाट पाहत आहोत.